रोज पाच किलोमीटर आणि डिझेल गाडी: एव्हरेज कुठे जातं आणि पैसे कुठे जातात

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. गाडी २०२१ ची, दीड लिटरचं डिझेल इंजिन, बीएस ६ (धुरावरच्या नियमांचा सहावा टप्पा), मॅन्युअल गिअर, सेकंडहँड घेतलेली. पुण्यात पौड रोडवरून निघायचं, मुलीला शाळेत सोडायचं आणि डेक्कनला ऑफिस गाठायचं. एका बाजूचं अंतर जेमतेम पाच किलोमीटर. एव्हरेज अकराच्या वर सरकत नाही. मध्यंतरी डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या जाळीचा) पिवळा दिवा लागला आणि गावाला जाऊन आल्यावर आपोआप गेला. एका गॅरेजमध्ये चारही इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे) बदलायला सांगितलं, दुसऱ्या ठिकाणी "डीपीएफच काढून टाका, कटकट संपेल" असा सल्ला मिळाला. आता गाडी ठेवावी की विकावी?

इंजेक्टर बदलू नका. डीपीएफ काढू नका. आणि विकायचा निर्णय त्या अकराच्या आकड्यावर तर अजिबात घेऊ नका, कारण तुमच्या वापराला अकरा हा आजारी गाडीचा आकडा नाही. लहान अंतरावर डिझेल गाडीचं खरं नुकसान टाकीत होत नाही. ते इंजिन ऑइलमध्ये, सायलेन्सरच्या वाटेवर आणि हवा आत घेणाऱ्या इनटेकच्या नळीत होतं, आणि त्याचं बिल दोन-तीन वर्षांनी एकदम येतं. वीस-पंचवीस वर्षं डिझेल इंजिनं उघडतो आहे. एव्हरेजची तक्रार घेऊन आलेल्या शहरी गाड्यांमध्ये एव्हरेज हाच मुख्य बिघाड असल्याचं क्वचितच दिसलं.

आधी अकराचा हिशोब लावू. सकाळी पौड रोड, मग कर्वे रोड, नळ स्टॉपचा सिग्नल, शाळेसमोरची डबल पार्किंग. या पाच किलोमीटरला पंचवीस मिनिटं लागत असतील, तर त्यातली दहा मिनिटं गाडी जागेवर उभी असते. दीड लिटरचं डिझेल इंजिन एसी लावून नुसतं चालू ठेवलं, तर तासाला साधारण पाऊण-एक लिटर डिझेल जळतं. तासाला ०.८ लिटर धरा. दहा मिनिटांत १३० मिली गेलं. अकराच्या एव्हरेजने पाच किलोमीटरला एकूण ४५५ मिली लागतं. म्हणजे पाव हिश्शाहून जास्त डिझेल चाक न फिरताच संपलं. उरलेल्या ३२५ मिलीत गाडी पाच किलोमीटर चालली, म्हणजे प्रत्यक्ष चालताना तिने पंधराच्या वर एव्हरेज दिलं, आणि तेही इंजिन पुरतं तापलेलं नसताना. यात इंजेक्टरचा दोष कुठे आहे?

गाडीच्या कागदावरचा वीस-बाविसाचा आकडा खोटा नाही, पण तो दुसऱ्या परिस्थितीतला आहे. तो एआरएआय देते, म्हणजे तुमच्या कोथरूडच्याच टेकडीवरची गाड्या तपासणारी संस्था. तिथे गाडी रोलरवर चढवून ठरावीक वेगाच्या तक्त्याप्रमाणे चालवतात. चाचणी ११८० सेकंदांची, वीस मिनिटांनाही जरा कमी. त्यात पहिला भाग शहरी चालीचा आणि दुसरा मोकळ्या रस्त्याचा, कमाल वेग ताशी ९० किलोमीटर. एसी बंद. समोर रिक्षा नाही, शाळेची व्हॅन नाही, चढ नाही. त्या आकड्याचा उपयोग दोन गाड्यांची तुलना करायला होतो. कर्वे रोडवर तो मिळावा अशी अपेक्षा ठेवली तर मनस्ताप तेवढा होतो.

आता थंड इंजिनाबद्दल. डिझेल इंजिन मुळात काटकसरी आहे. त्याचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते ते) पेट्रोलपेक्षा बरंच जास्त, पंधरा-सोळाच्या पुढे. पॉवर कमी-जास्त करायला हवेची वाट अडवावी लागत नाही, नुसतं डिझेल कमी-जास्त सोडलं की झालं. म्हणून हळू चालताना आणि सिग्नलला उभं असताना ते पेट्रोलपेक्षा फार कमी इंधन घेतं. पण याच गुणाची दुसरी बाजू अशी, की कमी इंधन जाळणारं इंजिन उष्णताही कमी देतं, त्यामुळे ते सावकाश तापतं. सिग्नलला उभं राहिलं की तापमानाचा काटा वर चढायचंच थांबतो. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सकाळी दहा-बारा अंश असतं, तेव्हा तर डेक्कन येईपर्यंत काटा नुकता मधे पोहोचतो आणि तुम्ही गाडी बंद करता.

आणि तो काटा कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा असतो, ऑइलचा नाही. ऑइल त्याच्या बरंच मागून तापतं. काटा मधे आला तरी ऑइल पुरतं पातळ व्हायला आणखी तितकाच वेळ लागतो. घट्ट ऑइलमध्ये क्रँक, पिस्टन, पंप सगळे ओढून फिरवायचे, शिवाय गिअरबॉक्सचं ऑइलही थंडच. पहिल्या एक-दोन किलोमीटरला गाडी तापलेल्या अवस्थेपेक्षा दीडपट-पावणेदोनपट डिझेल पिते. लांबच्या प्रवासात हे दोन किलोमीटर हिशोबात दिसतही नाहीत. तुमच्या प्रवासात ते जवळजवळ अर्धे आहेत.

यावर अनेक जण सकाळी गाडी पार्किंगमध्ये पाच-सात मिनिटं चालू ठेवतात, "इंजिन गरम होऊ द्यावं" म्हणून. डिझेलसाठी हा सगळ्यात वाईट उपाय. उभ्या उभ्या गाडी धड तापत नाही, नुसती काजळी धरते. हीटर प्लगचा दिवा गेला की स्टार्टर मारा, पट्टा लावेपर्यंत ऑइल वर पोहोचतं, निघा. पहिले दोन-तीन किलोमीटर दोन-सव्वादोन हजार आरपीएमच्या वर नेऊ नका, पण अगदी बाराशेवर चौथ्या गिअरमध्ये कुंथवतही नेऊ नका. दोन्हींत काजळी वाढते.

आता रुपयांचं बोलू, कारण "शहरात डिझेल परवडत नाही" हे वाक्य सगळे म्हणतात आणि हिशोब फार कमी जण करतात. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ रुपये धरू. आकडे इकडेतिकडे झाले तरी मुद्दा बदलत नाही. महिन्याला तुमचं २५० किलोमीटर होतं. अकराच्या एव्हरेजने डिझेलला साधारण २०७० रुपये. याच आकाराची पेट्रोल गाडी याच रस्त्यावर, याच वेळेला नऊ देईल. तिला २८९० रुपये. म्हणजे तुमची डिझेल गाडी तिच्या सगळ्यात वाईट वापरातही पेट्रोलपेक्षा महिन्याला आठशे रुपये वाचवतेच आहे. थंड इंजिनाचा फटका पेट्रोललाही बसतो. सुरुवातीला तिला जादा पेट्रोल सोडावं लागतं, ते डिझेलला लागत नाही. डिझेलमध्ये लिटरमागे ऊर्जाही दहा-बारा टक्के जास्त असते.

पण वर्षाचे ते वाचलेले दहा हजार कशाच्या बदल्यात वाचतात, ते पाहा. नवी घेताना डिझेल मॉडेल लाख-सव्वा लाखाने महाग असतं. महाराष्ट्रात रोड टॅक्सही डिझेलला पेट्रोलपेक्षा दोन टक्क्यांनी जास्त. सव्वा लाख जादा मोजून वर्षाला दहा हजार वाचवायचे, तर फेडायला बारा वर्षं लागतील. २०१४ च्या ऑक्टोबरपर्यंत डिझेलच्या किमतीवर सरकारचं नियंत्रण होतं. पेट्रोलचं ते २०१० मध्येच गेलं होतं, त्यामुळे मधल्या काळात दोन्हींच्या भावात मोठी दरी पडली आणि लोकांनी दूध-भाजी आणायलाही डिझेल गाड्या घेतल्या. त्या काळात ते परवडतही होतं. आपल्याकडे "डिझेलच घ्या" हा सल्ला त्या काळातून आला आणि डोक्यात तसाच राहिला.

शिवाय तेव्हाच्या गाड्या वेगळ्या होत्या. फियाटचं १.३ मल्टिजेट इंजिन घ्या, जे आपल्या रांजणगावलाही बनायचं. स्विफ्ट, पुंटो, व्हिस्टा, कितीतरी गाड्यांत ते होतं. त्या गाड्यांना साधारणपणे डीपीएफ नव्हता. रोज तीन किलोमीटर चालवा, काजळी धूर होऊन मागून निघून जायची, इंजिनाला फारसा त्रास नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस ६ लागू झालं, डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० वर आलं आणि डिझेल कारला डीपीएफ आला. तुमच्या मोठ्या भावाची जुनी स्विफ्ट शहरात कुरकुर न करता चालली आणि तुमची नवी गाडी दिवे दाखवते, याचं कारण हेच आहे. गाडी नाजूक झालेली नाही. काजळी हवेत सोडायची सोय बंद झाली आहे, आणि मला विचाराल तर ते फार चांगलं झालं.

डीपीएफ म्हणजे बारीक छिद्रांच्या सिरॅमिकची जाळी. धूर तिच्या भिंतीतून झिरपतो, काजळी आत अडकते. ती जाळून टाकण्याच्या क्रियेला रिजनरेशन म्हणतात. गॅरेजमध्ये सगळे नुसतं "रिजन" म्हणतात. हायवेवर भार घेऊन गाडी चालत असेल तर धुराच्या उष्णतेनेच काजळी थोडीथोडी जळत राहते, कुणाला कळतही नाही. शहरात तेवढी उष्णता मिळत नाही. मग जाळी ठरावीक प्रमाणात भरली की गाडीचा कॉम्प्युटर स्वतः रिजन सुरू करतो: इंजेक्टरमधून उशिरा, पिस्टन खाली निघाल्यावर, जादा डिझेल सोडतो. ते पुढे कॅटॅलिस्टमध्ये, धूर साफ करणाऱ्या डब्यात, जळतं आणि जाळीचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेतं. हे काम दहा ते वीस मिनिटं चालतं.

तुमचा प्रवास किती मिनिटांचा? पंचवीस. त्यातली पहिली पंधरा-वीस मिनिटं इंजिन रिजनसाठी पुरेसं तापलेलंच नसतं. मग रिजन सुरू होतं आणि पाच मिनिटांत तुम्ही डेक्कनला गाडी बंद करता. संध्याकाळी पुन्हा तसंच. जळायचं राहून जातं आणि डिझेल तेवढं खर्च होतं. मोकळ्या रस्त्यावर चालणारी गाडी तीन-चारशे किलोमीटरला एकदा रिजन करते आणि एका झटक्यात पूर्ण करते. तुमच्यासारख्या वापरात ती आठवड्याला दोन-तीनदा प्रयत्न करते. एका पूर्ण रिजनला ढोबळमानाने अर्ध्या लिटरच्या आसपास जादा डिझेल जातं, अर्धवट प्रयत्नांना त्याहून थोडं कमी. एखाद्या टाकीत एव्हरेज अचानक दीड-दोनने पडल्याचं तुम्ही लिहिलंय, ते बहुधा याचंच आहे.

याहून मोठं नुकसान ऑइलचं. उशिरा सोडलेलं ते डिझेल सगळंच पुढे जात नाही. थंडगार सिलिंडरच्या भिंतीवर त्यातलं थोडं चिकटतं, रिंगांवरून खाली उतरतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. लांबच्या प्रवासात ऑइल तापून त्यातला काही भाग उडून जातो. रोज पाच किलोमीटर चालणाऱ्या गाडीत ते साचत जातं. सिंहगड रोडवरची एक गाडी अशीच आली होती, तक्रार फक्त एव्हरेजची. ऑइलची पट्टी ओढली तर ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर. मालक खूश, "माझी गाडी ऑइल अजिबात खात नाही". पट्टीवरून थेंब बोटावर घेतला तर तो चिकटून राहीना, पाण्यासारखा सरकला, आणि वासात स्वच्छ डिझेल. खाली भांडं लावून बोल्ट काढला, तर भरलं होतं त्यापेक्षा जास्त ऑइल बाहेर आलं. अशा पातळ ऑइलवर टर्बोचं, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याचं, बेअरिंग किती दिवस टिकेल? आणि पातळी फारच वर गेली, तर ते मिश्रण इंजिनाच्या श्वसननळीतून (आतली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) इनटेकमध्ये जाऊन इंजिन स्वतःच्याच ऑइलवर धावायला लागतं. चावी बंद केली तरी ते थांबत नाही. असं इंजिन मी पाहिलं आहे, त्याचं नंतर काहीच उरत नाही.

म्हणून तुमच्या वापरात ऑइल बदलायचं ते किलोमीटर बघून नाही, महिने बघून. मॅन्युअलमध्ये दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष लिहिलेलं असेल. त्याच मॅन्युअलमध्ये "खडतर वापर" असा भाग असतो आणि त्यात वारंवार कमी अंतराचा प्रवास हा प्रकार स्पष्ट लिहिलेला असतो. तुम्ही त्यात बसता. दर सहा महिन्यांनी ऑइल आणि फिल्टर, मग गाडी दोनच हजार किलोमीटर चाललेली असो. ऑइल मात्र डीपीएफला चालणारं, कमी राखेचंच हवं. डब्यावर एसीईए (ऑइलची युरोपीय प्रतवारी) सी२ किंवा सी३ असं लिहिलेलं असतं, तुमच्या गाडीला कोणतं ते मॅन्युअलमध्ये आहे. साधं ऑइल स्वस्त पडतं, पण त्याची राख जाळीत जाऊन बसते, आणि काजळी जळते तशी राख जळत नाही. ती कायमची.

रिजन चालू आहे हे ओळखायला शिका, यासाठी स्कॅनर लागत नाही. सिग्नलला उभं असताना एरवी आठशेवर असणारा काटा नऊशे-हजारावर स्थिर राहतो. डिस्प्लेवर चालू एव्हरेज अचानक निम्म्यावर येतं. स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणारी सोय) असेल तर ते काम करेनासं होतं. गाडीतून उतरलात तर गरम, जळकट वास येतो, आणि चावी काढल्यावरही रेडिएटरचा पंखा घोंघावत राहतो. यातलं काही जाणवलं तर शक्य असेल तेव्हा गाडी बंद करू नका. ऑफिसपाशी पोहोचला असाल तर वळा, दहा-बारा मिनिटं फिरवून आणा. गवतावर किंवा पालापाचोळ्यावर मात्र अशा वेळी गाडी उभी करू नका, खालून भट्टी असते.

आणि आठवड्यातून एकदा, निदान पंधरा दिवसांतून एकदा, गाडीला तिचं खरं काम द्या. तुम्हाला तर रस्ताही घराजवळच आहे. रविवारी सकाळी चांदणी चौकातून बायपासला लागा, वारजे, नवले पूल, नवा कात्रज बोगदा, खेड शिवापूर, आणि टोलनाक्याच्या अलीकडून परत. वारज्यापर्यंत इंजिन तापतं, नवले पुलानंतरच्या चढाला त्याला भार मिळतो आणि डीपीएफला जे तापमान हवं असतं ते नेमकं तिथे येतं. पाचव्याऐवजी चौथा गिअर ठेवा, साठ-सत्तरचा वेग, आरपीएम दोन हजार ते अडीच हजार. शंभरच्या पुढे पळवायची काहीच गरज नाही. निघताना टाकी रिझर्व्हवर नसावी, बऱ्याच गाड्या इंधन कमी असलं की रिजन सुरूच करत नाहीत. इंजिनचा दिवा लागलेला असला तरीही तसंच.

येताना बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना गाडी न्यूट्रल करू नका. हे मी मुद्दाम वेगळं लिहितोय. डिझेल वाचवायला म्हणून त्या उतारावर न्यूट्रल टाकणाऱ्या ट्रकचे ब्रेक तापून निकामी होतात, आणि तिथे झालेले अपघात आपण सगळ्यांनी वाचलेत. आणि वाचतं तरी काय? आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पूर्ण बंद होतात, चाकंच इंजिन फिरवतात, डिझेल शून्य. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल सोडावंच लागतं. न्यूट्रलमध्ये उतरणारी गाडी जास्त डिझेल खाते.

आता एक गोष्ट जरूर तपासून घ्या, कारण गाडी सेकंडहँड आहे: थर्मोस्टॅट व्हॉल्व. तो ऐंशी-पंच्याऐंशी अंशांच्या आसपास उघडतो. तोवर कूलंट रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणजे इंजिन लवकर तापतं. आपल्याकडे जुनी खोड अशी, की गाडी एकदा गरम झाली की मिस्त्री तो व्हॉल्वच काढून टाकतो, "आपल्या हवेत लागत नाही, थंड चालेल गाडी". थंड चालते खरी, कायमची थंड चालते. पाच किलोमीटर काय, वीस किलोमीटरलाही ती धड तापत नाही. कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून थंडच आहे, तो डिझेल वाढवून देतो आणि रिजन पुढे ढकलतो. व्हॉल्व उघडा अडकला तरीही हाच परिणाम. ओळखायचं कसं? सकाळी थंड गाडी सुरू करून पाच-सहा मिनिटं चालवा, बॉनेट उघडा आणि रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या जाड होजला हात लावा. डॅशबोर्डचा काटा खालीच असताना होज कोमट झाला असेल, तर व्हॉल्व नाही किंवा अडकला आहे. स्कॅनर लावला तर बायपासवर चालताना कूलंटचं तापमान दिसेल. ते सत्तरच्या आत घुटमळत असेल तर शंका नको. काही हजारांत होणारं काम आहे आणि माझ्या अनुभवात शहरी डिझेल गाडीच्या एव्हरेजमध्ये याच्याइतका फरक दुसऱ्या कुठल्या दुरुस्तीने पडत नाही.

बाकीच्या तपासण्या साध्या आहेत. टायरमधली हवा थंड टायरवर, दरवाजाच्या स्टिकरवर लिहिलेली तेवढी. ब्रेक ओढतो का, हे पाहायला गाडी कमीत कमी ब्रेक वापरून थोडी चालवा आणि चारही रिमजवळ हात नेऊन बघा. एकच चाक जास्त गरम लागलं तर कॅलिपरची पिन किंवा हँडब्रेकची केबल जॅम आहे, पावसाळ्यानंतर हे फार होतं. एअर फिल्टर. डिझेल फिल्टर, आणि त्यातलं पाणी. नळ स्टॉपच्या रांगेत हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायची सवय असेल तर ती सोडा. तिथे डिझेलही जातं आणि क्लच प्लेटही. महागडं प्रीमियम डिझेल आणि टाकीत ओतायच्या बाटल्या यांनी तुमच्या वापरात सांगण्यासारखा फरक पडलेला मी पाहिला नाही.

ईजीआर व्हॉल्व मात्र वेगळा विषय. जळून गेलेला काही धूर परत इंजिनात सोडायचं त्याचं काम. त्या धुरातली काजळी आणि श्वसननळीतून येणारी ऑइलची वाफ इनटेकमध्ये एकत्र येतात आणि आतून डांबरासारखा थर धरतो. हळू चालणाऱ्या, न तापणाऱ्या गाडीत तो लवकर धरतो. मनगटाएवढ्या नळीत अंगठा जेमतेम जाईल इतका थर मी खरवडून काढला आहे. पिकअप मंद झाला, दोन हजारांच्या खाली गाडी ओढत नाही, चढावर काळा धूर, अशी लक्षणं असतील तर ईजीआर आणि इनटेक उघडून साफ करून घ्या. नसतील तर विनाकारण उघडायला लावू नका.

इंजेक्टरवर परत येतो. चार इंजेक्टर म्हणजे मोठी रक्कम, आणि नुसत्या एव्हरेजच्या आकड्यावरून ते बदलणं हा डॉक्टरने ताप न मोजता ऑपरेशन सांगण्याचा प्रकार आहे. आधी मोजा. डिस्प्लेवरच्या एव्हरेजवर विसंबू नका, तो बहुतेक गाड्यांत पाच-दहा टक्के जास्त दाखवतो. एकाच पंपावर, पहिल्या ऑटो कटला टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्य करा, नेहमीसारखी चालवा, पुन्हा त्याच पंपावर पहिल्या कटला फुल करा, भागाकार करा. असं निदान दोन टाक्या. मग एकदा फक्त हायवेचं मोजा: सातारा किंवा लोणावळा, वेग ऐंशीच्या आसपास, जाऊन-येऊन. हायवेवर अठरा-एकोणीसच्या पुढे मिळालं तर इंजेक्टर, टर्बो, कॉम्प्रेशन सगळं ठणठणीत आहे, शहरातला अकरा हा रस्त्याचा आणि अंतराचा आहे. हायवेवरही तेरा-चौदाच मिळाले तर बिघाड आहे, आणि तेव्हा इंजेक्टरची परतीच्या डिझेलची चाचणी करायला सांगा. प्रत्येक इंजेक्टरला छोटी बाटली लावून किती डिझेल परत येतं ते मोजतात. चारांतला एकच जास्त सोडत असेल तर तो एकच काढा.

डीपीएफ काढायचा सल्ला देणाऱ्याला मी स्पष्ट नाही म्हणतो, माझ्या गॅरेजमध्ये ते काम होत नाही. कायद्याने तो गुन्हा आहे, गाडीच्या प्रमाणपत्रात नसलेला बदल आहे. वॉरंटी असेल तर ती जाते. पण मुख्य कारण तेही नाही. डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये पहिल्या, म्हणजे पुरावा पक्का असलेल्या, गटात नोंदवलं. तुम्ही रोज सकाळी ही गाडी शाळेच्या फाटकासमोर उभी करता, इंजिन चालू ठेवून. धुराच्या नळीची उंची आणि पहिलीतल्या मुलाच्या नाकाची उंची यात फारसा फरक नसतो. जाळी काढल्यावर एव्हरेज एखाद्या किलोमीटरने वाढेलही. तेवढ्यासाठी मी ते करणार नाही, तुम्हीही करू नका.

दिवा लागलाच तर घाबरायचं कारण नाही, दुर्लक्षही नको. पिवळा, स्थिर दिवा म्हणजे "मला पळव" एवढंच. त्याच दिवशी वर सांगितलेली चक्कर मारा, वीस-पंचवीस मिनिटांत जायला हवा. नाही गेला, किंवा सोबत इंजिनचा दिवा लागला, पिकअप अडवला गेला, तर तसंच चालवू नका. स्कॅनर लावून उभ्या गाडीत रिजन करून घेता येतं. तेही झालं नाही तर जाळी काढून साफ करणं, आणि शेवटी बदलणं. नव्या जाळीची किंमत काही गाड्यांत लाखाच्या घरात जाते, म्हणून हे दिवे टाळण्यासाठी महिन्यातून दोन रविवार देणं स्वस्त आहे.

गाडी ठेवायची की विकायची? नवी घ्यायला निघाला असतात तर मी डिझेल घेऊ दिलं नसतं. महिन्याला बाराशे-पंधराशे किलोमीटर आणि त्यातला बराच भाग मोकळ्या रस्त्याचा असेल तरच आज डिझेलला अर्थ आहे. पण तुमच्याकडे ती आहे, पैसे जाऊन झालेत, आणि तुम्ही दर महिन्याला गावी जाता म्हणून लिहिलंय. मग ठेवा. फक्त तिच्याकडून पाच-पाच किलोमीटरच्या तुटक फेऱ्या करून घेणं कमी करा. शाळा, ऑफिस, येताना भाजी, बँक, हे एका फेरीत बसवा. एकदा तापलेलं इंजिन तासभर तरी ऊब धरून राहतं. ऑफिसला एकट्याने जायचं असेल तर वनाझवरून डेक्कनपर्यंत मेट्रो तुमच्याच रस्त्याच्या डोक्यावरून जाते. कोपऱ्यावरच्या दुकानासाठी गाडी काढूच नका. त्या आठशे मीटरला जेवढी काजळी धरते तेवढी बायपासच्या वीस किलोमीटरला धरत नाही. गावी जाणं बंद झालं, लांबचा प्रवास उरलाच नाही, तर मात्र रेंगाळू नका, डीपीएफ चांगल्या अवस्थेत आहे तोवर विका आणि पेट्रोल किंवा सीएनजी घ्या.

येत्या रविवारी खेड शिवापूरला निघायच्या आधी एक काम करा. गाडी सपाट जागी रात्रभर उभी असू द्या, सकाळी स्टार्ट न करता ऑइलची पट्टी काढा, पुसा, पुन्हा घाला, काढा. पातळी दोन खुणांच्या मधे असेल तर निघा. वरच्या खुणेच्या वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर हायवेला जाऊ नका, आधी ऑइल आणि फिल्टर बदला. बदललेल्या ऑइलची तारीख पट्टीजवळ स्टिकरवर लिहून ठेवा, आणि पुढे दर महिन्याला एकदा याच पद्धतीने बघत जा.